डावा गाल

सूनबाईने वेताची साल उजव्या गालातून काढून डाव्या गालात धरली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. टोपली विणताना दोन्ही हात अडकलेले असतात. एका हाताने काड्या दाबून धरायच्या, दुसऱ्याने साल ओवायची. पुढची साल ओली राहायला हवी, कोरडी झाली की मोडते. म्हणून ती तोंडात धरायची. माझा बाप तशीच धरायचा, मीही तशीच धरत आलो. उजव्या हाताने विणणारा उजव्या गालात धरतो, कारण हाताला ते जवळ पडतं. डाव्या गालातून साल ओढायची तर दर वेळी मान वळवावी लागते. दिवसातून दोन-तीनशे वेळा मान वळवायचं काम कुणी हौसेने करत नाही.

माझी बायको सहा वर्षांपूर्वी असंच करायला लागली होती. ती जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

"मान अवघडली का गं?" मी विचारलं.

साल तोंडात होती, म्हणून सूनबाईने नुसतीच मान हलवली.

"मग बाजू का बदललीस?"

तिने साल काढून हातात घेतली. "दाढ ठणकतेय जरा."

"कधीपासून?"

"चार-आठ दिवस."

मुलगा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वेत तासत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही, पण त्याचा सुरा थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

मी पुन्हा टोपलीकडे वळलो. हाताखाली तळ होता आणि तळ अर्धा सोडता येत नाही. त्या वर्षी काम अंगावर आलं होतं. फळबागेच्या दोनशे टोपल्या तोडणीआधी द्यायच्या होत्या. वारा कोरडा सुटला होता. सकाळी भिजवलेला वेत दुपारपर्यंत हाडासारखा व्हायचा. बागेच्या मुकादमाने निरोप धाडला होता की या वेळी उशीर झाला तर पुढच्या वर्षी प्लास्टिकचे क्रेट आणणार. तो दर वर्षी असं म्हणायचा. या वर्षी त्याने क्रेटचा नमुना आणून गेटपाशी ठेवला होता.

जेवताना मी सूनबाईच्या ताटाकडे पाहिलं. भाजी तशीच होती. ती भात पाण्यात कालवून गिळत होती.

दाढ ठणकणारा माणूस चावायचं टाळतो, तिखट टाळत नाही. हे मला बायकोनेच शिकवलं होतं, न सांगता.

*

बायकोचं असं झालं होतं. दोन्ही गालांच्या आतून पांढरी जाळी आली, कोळ्याने विणावी तशी. गरम घेतलं की आग, तिखट घेतलं की आग. कधी बरं वाटायचं, कधी गाल सोलून निघायचा. ती म्हणायची, कामाचं तोंड आहे, चालायचंच. तंबाखूला तिने जन्मात हात लावला नव्हता, म्हणून आम्हाला भीती अशी वाटलीच नाही. तरी तालुक्याच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी गालातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. टोपली पुरी झाली की ती दोन विटांवर ठेवायची आणि आत उभं राहायचं. टाचा तीनदा आपटायच्या. तळ कुरकुरला नाही तर मुठीच्या बुडाशी लाल दोऱ्याची गाठ बांधायची. उभा मी राहायचो, गाठ ती बांधायची. गाठ पडली की टोपली पक्की. पुन्हा तिला कुणी तपासायचं नाही. बागेतून दर वर्षी जुन्या टोपल्या दुरुस्तीला यायच्या, तेव्हाही आम्ही मूठ बघायचो, काठ बघायचो, तळाला हात लावायचो नाही. गाठ आहे ना, झालं.

रिपोर्ट घेऊन घरी आलो त्या दिवशी ती हसत होती. कागदाची सुरळी केली, वर लाल दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. "घ्या," म्हणाली, "उभी राहिले, कुरकुरले नाही." आणि सुरळी पत्र्याच्या पेटीत टाकली.

डॉक्टरबाईंनी दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं होतं. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा तोडणीचे दिवस होते. ती म्हणाली, जायचं का? मी म्हणालो, "तपासलंय ना एकदा. गाठ मारून ठेवलीस की."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

दोन वर्षं गेली. मग एके दिवशी ती खुशीत म्हणाली, "अहो, जिभेच्या कडेला एक जागा झोंबायची, ती आता झोंबत नाही. जाड झाली बघा, घट्टा पडल्यासारखी." आमच्या हातांना घट्टे पडतात आणि पडले की वेत टोचायचा थांबतो. आम्हाला वाटलं, जिभेचंही तसंच. बरं वाटलं आम्हाला. गाल झोंबत होता त्याची आम्ही काळजी करायचो, आणि जी जागा झोंबायची थांबली तिने घात केला.

ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. मुलगा दवाखान्यात तिच्या उशाशी सव्वीस दिवस बसून होता. शेवटी तिला पाणीही कापसाने द्यावं लागायचं. ते तोच द्यायचा.

अडतीस वर्षं संसार केला, पण मी तिच्या तोंडात कधी वाकून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही असतं, हेच ठाऊक नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई मोरीपाशी चूळ भरत होती. मुलगा वेत आणायला नदीकडे गेला होता. मी बॅटरी घेऊन गेलो आणि म्हणालो, "पोरी, आ कर."

ती दोन पावलं मागे सरली. तिचा हात पदराकडे गेला. "हे काय, मामंजी?"

"दाढ बघतो."

"तुम्ही कधीपासून दाढा बघायला लागलात?"

"आजपासून."

ती हसली नाही. "माझी आई म्हणायची, सासऱ्यासमोर तोंड उघडू नये."

"ती भांडणाबद्दल म्हणायची. भांडणासाठी तू सासूसमोर भरपूर उघडलंस, मी ऐकलंय."

तेव्हा मात्र तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिने डोळे मिटून तोंड उघडलं. मलाही अवघडल्यासारखं झालं. सुनेच्या तोंडात उजेड पाडायची वेळ कुठल्या सासऱ्यावर येते? पण मी वाकलो. उजव्या गालात आतून पांढरी जाळी होती. बारीक रेघा, एकीत एक अडकलेल्या. मधे रुपयाएवढी जागा लाल, सोललेली. डाव्या गालात नुसत्या रेघा.

मी बॅटरी विझवली.

"तेच आहे ना?" तिने विचारलं.

"दिसतंय तसंच."

"मला दोन महिने झाले ठाऊक आहे. आरशात पाहिलं होतं." ती दगडावर बसली. "मी सासूबाईंच्या रक्ताची नाही, मामंजी. मग मला कसं झालं? त्यांच्या भांड्यातलं खाल्लं म्हणून? सेवा केली म्हणून?"

"ते डॉक्टरबाईंना विचारू."

"मला नाही जायचं. त्याही गेल्या होत्या."

मुलगा परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याने खांद्यावरची मोळी टाकली आणि ती सोडत बसला. नीट सुटत होती, तरी बराच वेळ लावला.

"तपासून आईचं काय झालं, बाबा?"

"आईचं तपासायचं थांबलो, म्हणून झालं."

"ते तुम्ही म्हणता. रिपोर्ट तर चांगला होता. चांगल्या रिपोर्टनंतर गेली ती." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दोनशे टोपल्या जाऊ देत. मग बघू."

"तिच्या तोंडात एकदा बघ तरी."

"मी नाही बघणार." तो उठून गेला. तो भित्रा नाही. सव्वीस दिवसांत त्याने पुष्कळ पाहिलं होतं.

*

चार दिवसांनी ऐंशी टोपल्या घेऊन मी बागेत गेलो. तोडणी एका कोपऱ्यात सुरू झाली होती. आमच्याच जुन्या टोपल्या, उन्हाळ्यात काठ दुरुस्त करून दिलेल्या, शिडीवरच्या बायका भरत होत्या. मी मुकादमासमोर गाडीतून टोपल्या उतरवत होतो आणि मागे काडकन आवाज झाला.

शिडीच्या वरच्या पायरीवर एक बाई टोपलीची मूठ धरून उभी होती. टोपलीचा तळ निघाला होता. सगळी फळं खाली, पिचलेली. खाली उभी असलेली दुसरी बाई खांदा चोळत होती.

मुकादमाने टोपली तिच्याकडून घेऊन माझ्या हातात दिली. "ही कुणाची?"

"आमची."

"या उन्हाळ्यातच दुरुस्त केली ना?"

मी मुठीच्या बुडाशी पाहिलं. लाल दोरा होता, उन्हाने गुलाबी झालेला. बायकोची गाठ. ती उलटी मारायची, डाव्या हाताकडे. "तळ तपासलेला आहे," मी म्हणालो. "ही बघा गाठ."

"कधीची?"

"असेल सहा-सात वर्षांची."

मुकादम मोठ्याने बोलला नाही. मोठ्याने बोलला असता तर बरं झालं असतं. "सहा वर्षं ही ओल्यात पडली, उन्हात पडली, दिवसाला पन्नासदा भरली. आणि तुम्ही मला गाठ दाखवताय?" शिडीवरची बाई हसली. सगळ्याच हसल्या. "म्हाताऱ्या, तुझ्या गाठीला फळांचं वजन कळतं का?"

मी वाकून फळं गोळा करायला लागलो. कुणी मदतीला आलं नाही, आणि कुणी थांबवलंही नाही. पिचलेली वेगळी, चांगली वेगळी. गुडघ्यांत माती गेली. माझ्या हातात ती गाठ होती आणि ती अजून घट्टच होती. तळ कुजला होता, गाठीला काही झालं नव्हतं.

जुन्या टोपल्या जितक्या मोकळ्या होत्या तितक्या गाडीत भरून परत आणल्या. एकवीस होत्या. अंगणात दोन विटा मांडल्या आणि एकेका टोपलीत उभा राहायला लागलो. मुलगा आणि सून काम थांबवून बघत राहिले.

"बाबा, यांना गाठी आहेत," मुलगा म्हणाला.

"आहेत."

सहाव्या टोपलीत माझा पाय तळातून खाली गेला आणि नडगी सोलली. मी पाय काढून ती टोपली बाजूला ठेवली. अकरावी कुरकुरली. ती बाजूला. चौदावीचा तळ विटेवर ठेवतानाच सुटला. बाकी अठरा धड होत्या, एकदम धड, आणखी काही वर्षं जातील अशा. एकवीसमधल्या तीन. नडगीतून रक्त येत होतं. सूनबाई पाणी घेऊन आली.

"अठरांना नव्या गाठी मारायच्या का, मामंजी?"

"नको. पुढच्या वर्षी आल्या की पुन्हा उभा राहीन."

तिने माझी नडगी धुतली. फडकं बांधलं. मग तिथेच बसून तिने विचारलं, "तालुक्याची पहिली बस किती वाजता असते?"

"सातला."

मुलगा म्हणाला, "आणि टोपल्या?"

"तुम्ही विणा की," ती म्हणाली. "दोन हात आहेत तुम्हाला. तोंडही आहे, बोलायला तेवढंच वापरता."

*

डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. बायकोचं विचारलं, मी सांगितलं. त्या हात धुवायला गेल्या.

त्यांनी सूनबाईच्या तोंडात बराच वेळ पाहिलं. गाल, हिरड्या, टाळू. जीभ कापडात धरून दोन्हीकडे ओढली, कडा बोटाने दाबून पाहिल्या. जिभेखाली पाहिलं. मानेला हात लावून पाहिला. मी प्रत्येक गोष्ट डोळ्यांत साठवत होतो. कसब असंच शिकतात, बघून.

"हे सासूकडून आलंय का?" सूनबाईने विचारलं.

"नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. शंभरात एखाद-दोघांना असतं, तुमच्या घरात दोघी निघालात एवढंच. का होतं, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

"वेतामुळे?"

"वेतामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण सोललेल्या जागेवर दिवसभर साल घासत असाल तर ती भरणार कशी? तोंडात काही धरायचं नाही. आणि या दाढेचं टोक तुटलंय, ते गालाला लागतंय. ते आज घासून देते."

मग मी विचारलं. ते विचारायला मी सहा वर्षं उशीर केला होता. "याचा कॅन्सर होतो का?"

डॉक्टरबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "बहुतेकांचा होत नाही. असं असलेली शंभर माणसं वर्षानुवर्षं पाहत राहिलं, तर त्यांतल्या एखाद्याचा होतो. तो एक कोण, ते आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून शंभरांनीही यायचं."

"तुकडा चांगला निघाला तर?"

"तर त्या जागेचं, आजचं कळलं. पुढच्या वर्षीचं नाही. शेजारच्या जागेचंही नाही."

"हे तुम्ही मागेही सांगितलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलल्या नाहीत. "सांगितलं होतं."

मी मान डोलावली. सांगितलं असणारच. "घरी काय बघायचं?"

त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. जाळीत कुठे जागा जाड किंवा टणक लागली. जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही. नवा लाल डाग, गाठ, रक्त. "आणि दुखत नाही म्हणून सोडायचं नाही. झोंबणारी जागा तुम्हाला स्वतःच बोलावते. न दुखणारी शोधावी लागते."

त्यांनी लाल जागेच्या कडेचा तुकडा काढला. सूनबाईने खुर्चीचा दांडा धरला होता. बाहेर आल्यावर गालात कापूस असताना ती काहीतरी बोलली. मला कळलं नाही. तिने कापूस काढून पुन्हा सांगितलं, "त्यांना पण एवढंच दुखलं असेल ना?"

"तुकडा काढताना? हो. एवढंच."

*

रिपोर्टला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत मी एक चिमटा केला. लाकडाच्या दोन फळ्या, मधे ओलं फडकं, बाजूला दाबायला स्प्रिंग. तो खुंटाला बांधून सूनबाईच्या उजव्या गालाएवढ्या उंचीवर बसवला. साल त्यात धरायची, हात तिथूनच घ्यायचा. पहिले दोन दिवस तिचं तोंड आपोआप पुढे जायचं आणि चिमट्यावर आपटायचं.

"आता हा चिमटाच मला चावतो," ती म्हणाली.

"त्याला दात नाहीत."

"मग तुमच्याच वयाचा आहे."

माझ्यासाठीही एक केला, मुलासाठीही. त्याने नाक मुरडलं. म्हणाला, बापजाद्यांनी तोंडात धरली. मी म्हणालो, बापजादे तळाकडेही बघत नव्हते. काम दिवसाला दोन टोपल्यांनी घटलं. एकशे ब्याण्णव भरल्या. मुकादमाने त्या मोजल्या आणि प्रत्येकीचा तळ उलटा करून पाहिला. क्रेटचा नमुना गेटपाशी तसाच होता. पुढच्या वर्षाचं तो काही बोलला नाही. जुन्या अठरा मात्र ठेवून घेतल्या.

दहाव्या दिवशी मुलगा स्वतः सातच्या बसने गेला. दुपारी परतला तेव्हा वळणावरूनच कागद हातात धरून येत होता, माणूस ओला कपडा धरतो तसा. त्याने तो सूनबाईला दिला. कॅन्सर नव्हता. तेच जुनं जाळीचं दुखणं, गालाला लावायचं औषध, आणि खाली पेनाने लिहिलेली सहा महिन्यांनंतरची तारीख.

सूनबाई भिंतीला टेकून खाली बसली. बराच वेळ तिने पदर तोंडावर धरून ठेवला. मुलगा आत गेला आणि पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात आईची सुरळी होती, लाल गाठ मारलेली, आणि दोऱ्याचं रीळ.

"हा कागदही असाच बांधून हिच्याच शेजारी ठेवू," तो म्हणाला.

मी कागद सूनबाईकडून घेतला. सुरी, सुरा आणि पाजळायचा दगड अडकवतो त्या खिळ्याला तो टोचला, तारीख वर येईल असा. रोज हात जातो ती जागा. दोरा त्याच्याच हातात राहू दिला. बायकोची सुरळी मात्र मी घेतली आणि पेटीत ठेवून आलो. ती गाठ मी सोडली नाही. ती तिने मारली होती.

"आणि सहा महिने काय करायचं?" मुलाने विचारलं.

"महिन्याच्या पहिल्या दिवशी नवा वेत भिजत घालतो. त्याच दिवशी तिच्या तोंडात बघायचं."

"तुम्ही बघाल?"

"माझी नजर किती दिवस टिकेल?"

पुढच्या महिन्यात वेत हौदात सोडला, वर दगड ठेवले. मी बॅटरी आणून मधल्या ओट्यावर ठेवली आणि माझ्या टोपलीकडे वळलो. सूनबाई दारातल्या उजेडात बसली. तिने मला हाक मारली नाही. मुलगा हात पुसत उभा होता. ते त्याने दोनदा पुसले.

मग त्याने बॅटरी उचलली. तिच्यासमोर उकिडवा बसला. "आ कर," म्हणाला, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाला.

मी पाठमोरा होतो, पण विणायचं थांबलो होतो. चिमट्यातली साल सुकत होती. त्याने वेळ घेतला. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"उजवीकडचं लाल बसलंय," तो शेवटी म्हणाला. "जाळी आहे, आहे तेवढीच. डावीकडे तशीच." बॅटरी विझल्याचा आवाज आला. "झालं."

"नाही झालं," मी म्हणालो. "फडक्याने धर आणि जीभ बाहेर ओढ. कडा राहिल्या."